बरणी एकतीस, बरणी बत्तीस

आधी डोकं शोधायचं.
ते सापडलं की निम्मं काम झालं,
नाहीतर चाळणीत उरतो नुसता शेपटीकडचा तुकडा,
वीस-तीस वलयं, दोन्ही कडांना झिरमिळ्या,
आणि वहीत लिहावं लागतं : अनिश्चित.
माझ्या वहीत हा शब्द इतक्यांदा आलाय
की गद्रेबाई एकदा म्हणाल्या,
ही काय नवीन जात काढलीस?

भिंगाखाली बशी सरकवते.
डोळे चार, चौकोनात बसवलेले.
पुढे दोन बारीक शृंगिका, शेजारी दोन गुबगुबीत स्पर्शक,
मानेशी मिशा, इकडून चार, तिकडून चार.
मोजताना माझे ओठ हलतात.
मग चिमट्याने डोक्यामागे हलकेच दाबायचं
आणि आतला घसा बाहेर येतो,
मोजा उलटा करावा तसा,
टोकाला दोन काळे जबडे
आणि सभोवार तपकिरी दाणे,
खसखस सांडल्यासारखे, पण सांडलेले नव्हेत :
इथे दोन, तिथे रांग, पलीकडे काहीच नाही.
त्या काहीच-नाहीवरूनही जात ठरते.

तक्ता सगळं जोडीजोडीने विचारतो.
दाणे आहेत, तर सातवर जा.
नाहीत, तर बारावर.
'होते बहुधा, झिजलेत' असं म्हणणाऱ्याला
तक्त्यात कुठेही जाता येत नाही.

दहावा पाय कापते, मग तिसावा.
ग्लिसरीनच्या थेंबावर झाकणकाच ठेवली
की केस फाकतात, खराट्याच्या काड्यांसारखे.
चारशेपट मोठं केल्यावर दिसतं
की केसालाही सांधा आहे,
सांध्यापुढे पातं,
कुणाचं सुईसारखं, कुणाचं कोयतीच्या टोकाचं.
इतकी वर्षं मी त्याला नुसतं केस म्हणत होते.

जोमा वैतीला भिंग लागत नाही.
शिवडीला ओहोटी पार तेलाच्या टाक्यांपलीकडे ओसरली
की तो गुडघाभर गाळात उतरतो,
हातात मोडक्या छत्रीची काडी, कमरेला पत्र्याचा डबा.
'यो गलाला टिकतो.
यो तुटतो.
याला हात नको लावू गो, केस मोडतान बोटात,
रातभर आग.'
तीन कुळं, तीन वाक्यांत.
मला पहिल्या कुळाशी पोचायला
दुपारचा चहा गार करावा लागतो.

एकदा तो डबा द्यायला प्रयोगशाळेत आला,
चपला बाहेर काढून.
मी कौतुकाने बरण्या दाखवल्या.
एकतीस : बारीक डोळे, हिरवट अंग, सगळे पाय सारखे.
बत्तीस : डोळे फुगून एकमेकांना भिडलेले,
अर्ध्या अंगापासून पाय वल्ह्यांसारखे चपटे,
केसही निराळे, पंख्यासारखे उलगडलेले.
दोघांना दोन नावं, तक्त्याच्या दोन टोकांची.
त्याने बत्तीस खिडकीकडे धरली, जराशी हलवली.
'दोन कुठं? एकच हाय.
यो अवसेचा.
अवसेच्या राती चिखल सोडून वर येतान,
पानी नुसतं वळवळतं.
अंडी टाकतान नि मरतान.
डोलं मोठं नको व्हायला?'

गद्रेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग हसल्या :
हीच चूक जुन्या लोकांनीही केली होती, छापून.

शाई स्पिरिटमध्ये उतरते,
म्हणून लेबलं पेन्सिलीने लिहायची, असं शिकवलं होतं.
दुसरं कारण कुणी सांगितलं नव्हतं.
ओला कागद खोडरबराखाली फाटला.
नवा कापला. ठिकाण, भरती-ओहोटी, तारीख,
तिथी विचारून घेतली, तिला रकाना नव्हता, समासात लिहिली.
ओळख पटवणारा :
इथे नेहमी बाईंचं नाव असतं.
मी विचारलं. त्या म्हणाल्या, लिही की.
जोमा वैती, शिवडी.
त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला,
डबा परत कदी देशील?

तेहतीस नंबरच्या बरणीत डोकं नाही.
उद्या तिला पुन्हा बाहेर काढेन.